फ्रेंच पॅटर्नवरून विणकाम: शब्द, संक्षेप आणि नेमकं कुठे चुकतं

उलटसुलट

फ्रेंच विणकामाचा पॅटर्न पहिल्यांदा हातात आला की अपुराच वाटतो. अख्खा स्वेटर अर्ध्या पानात! इंग्रजी पॅटर्न ओळीओळीने सांगत जातो, फ्रेंच पॅटर्न मापं आणि आकडे देऊन मोकळा होतो. बाकीचं विणणाऱ्याला येतं असं गृहीत असतं. ते गृहीत काय आहे हे या धाग्यात गोळा करू.

व्याकरणाला घाबरायचं कारण नाही. क्रियापदं बहुतेक मूळ रूपातच येतात: घालणे, विणणे, बंद करणे. साठ-सत्तर शब्दांत काम भागतं.

सुई म्हणजे एग्वीय, लोकर लेन, गुंडा पलोत, लड एश्व्हो. सुईवरचा एकेक टाका म्हणजे माय. ओळ म्हणजे राँ, गोल विणताना पूर्ण होणारा फेरा म्हणजे तूर. सुलट टाका माय आँद्र्वा, उलट टाका माय आँव्हेर. टाके घालणे मोंते, विणणे त्रिकोते, बंद करणे राबात्र, न विणता सरकवणे ग्लिसे. गळ्याच्या कडेने नव्याने टाके उचलणे म्हणजे रलव्हे. दोरा सुईवर घेऊन जाळीचं भोक पाडणं म्हणजे झते. "मेत्र आँ नाताँत" असं दिसलं की ते टाके बंद करायचे नाहीत, जादा सुईवर किंवा दोऱ्यात ओवून बाजूला ठेवायचे.

'माय' आणि 'प्वँ' यांची गल्लत करू नका. दोन्हींसाठी आपण 'टाका' म्हणतो, पण माय म्हणजे सुईवरचा एक फास आणि प्वँ म्हणजे वीण, नमुना. सगळ्या ओळी सुलट ती प्वँ मूस. एक ओळ सुलट, एक ओळ उलट ती जेर्से आँद्र्वा, आणि तिचीच मागची बाजू पुढे ठेवली तर जेर्से आँव्हेर. एक सुलट एक उलट बॉर्डर म्हणजे कोत 1/1, दोन-दोनची कोत 2/2. एक सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत अदलाबदल, अशी दाणेदार वीण म्हणजे प्वँ द री. री म्हणजे तांदूळ.

इंग्रजी मासिकांवर वाढलेल्यांचा घात इथेच होतो. प्वँ मूस म्हणजे मॉस स्टिच नाही. इंग्रजीतली मॉस ही दाणेदार वीण, फ्रेंचमधली मूस म्हणजे नुसत्या सुलट ओळी. दोन्ही विणी सपाट राहतात, कडा वळत नाहीत, त्यामुळे चूक लवकर लक्षातही येत नाही. उंचीत मात्र फरक पडतो: सगळ्या सुलट ओळींची वीण उभ्यात आखडते, तेवढ्याच सेंटीमीटरला ओळी जास्त लागतात, पर्यायाने लोकरही जास्त.

काजबटण

छान धागा. संक्षेपांचं मी लिहिते, कारण छापील पॅटर्नमध्ये पूर्ण शब्द क्वचितच दिसतो. पहिली तीन-चार अक्षरं आणि टिंब, बस्स. माय तर फक्त एम.

तीन संक्षेप डोळ्यांना सारखेच दिसतात. ई-एन-डी म्हणजे आँद्र्वा (सुलट), ई-एन-व्ही म्हणजे आँव्हेर (उलट), ई-एन-एस म्हणजे आँसाँब्ल, म्हणजे एकत्र. '2 एम ई-एन-एस ई-एन-डी' याचा अर्थ दोन टाके एकत्र सुलट. पुसट फोटोकॉपीवर डी आणि व्ही ओळखू येत नाहीत. तेव्हा मागची-पुढची ओळ विणीशी जुळवून बघायची, अंदाजाने पुढे जायचं नाही.

दुसरी जोडी 'कोत' आणि 'कोते'. कोत म्हणजे बॉर्डरची वीण, कोते म्हणजे बाजू. फरक फक्त शेवटच्या अक्षरावरच्या मात्रेचा. 'द शाक कोते' म्हणजे प्रत्येक बाजूला. फोनवरचं भाषांतर या दोन्ही शब्दांची वाट लावतं, कधी बरगड्या तर कधी समुद्रकिनारा. संक्षेपांवर भाषांतराचं ॲप चालवूच नका. बहुतेक पुस्तिकांत सुरुवातीला वापरलेल्या विणींची यादी असते, ती आधी वहीत मराठीत उतरवून घ्या.

अजून एक नेहमीचं वाक्य: "टाके जसे दिसतात तसे विणा" (कोम एल स प्रेझाँत). म्हणजे समोर सुलट दिसतो तो सुलट, उलट दिसतो तो उलट. केबलच्या (वेणीसारख्या विणीच्या) आणि बॉर्डरच्या मागच्या ओळींसाठी हे एकच वाक्य देतात, टाके मोजून देत नाहीत. झतेबद्दल वेगळी सूचना नसेल तर जेर्सेवरच्या जाळीत तो मागच्या ओळीत उलट विणायचा.

चारपदरी

सुयांच्या नंबराचं कोणी लिहिलं नाही अजून. सगळ्यात मोठा खड्डा तिथेच आहे.

फ्रान्समधल्या आजच्या पॅटर्नमध्ये सुईचा नंबर म्हणजे थेट मिलिमीटर. नंबर 4 म्हणजे 4 मिमी. दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम असतो, म्हणून '3,5' म्हणजे साडेतीन. ते '3 किंवा 5' नव्हे. आपल्याकडे घरोघरी असलेल्या जुन्या सुयांवर मात्र ब्रिटिश नंबर असतात आणि ते उलटे चालतात: नंबर वाढला की सुई बारीक. ताळा असा:

ब्रिटिश 14 = 2 मिमी, 12 = 2.75, 11 = 3, 10 = 3.25, 9 = 3.75, 8 = 4, 7 = 4.5, 6 = 5, 5 = 5.5, 4 = 6 मिमी.

म्हणजे फ्रेंच 4 साठी आपली 8 नंबर. कोणी आपली 4 नंबर घेतली तर ती 6 मिमी, स्वेटरचं मासे पकडायचं जाळं होईल. फ्रेंच 3,5 ला जुन्या नंबरांत नेमका जोडीदार नाही, 9 आणि 10 च्या मधे पडतो. 5 च्या आसपास दोन्ही पद्धती एकमेकींच्या जवळून जातात (5 आणि 5.5 मिमी), म्हणून एखादा जाड स्वेटर योगायोगाने जमून जातो आणि पुढच्या वेळी घोळ होतो. सुयांची मापपट्टी घ्या आणि भोकात घालून बघा.

पॅटर्नमध्ये सहसा दोन नंबर असतात, उदाहरणार्थ 3 आणि 3,5. बारीक सुई बॉर्डरला, जाड बाकीच्या अंगाला.

माप तपासायला आधी विणतात त्या नमुन्याच्या तुकड्याला एशाँतियों म्हणतात. '22 टाके आणि 30 ओळी = 10 सेंमी' असं दिलं असेल तर 10 सेंमीचाच तुकडा विणू नका, कडेचे टाके ओढलेले असतात. 15 सेंमी विणा, धुवा, वाळवा, मधले 10 मोजा. एखाददोन टाक्यांनी काय होतंय म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: पॅटर्नमध्ये 28 टाके आणि तुमचे 26 येत असतील, तर पाठीचे 112 टाके 40 सेंमीऐवजी 43 भरतात. पुढचा भाग धरला तर घेर 6 सेंमी जास्त.

नवी_विणकर

माझा प्रश्न मुंढ्याचा. ओळ अशी आहे: "34 सेंमी एकूण उंचीवर, मुंढ्यासाठी, प्रत्येक बाजूला तू ले 2 राँ (दर 2 ओळींना) बंद करा: 1 फ्वा 4, 1 फ्वा 3, 2 फ्वा 2, 3 फ्वा 1." टाके 110 आहेत. दोन ओळी विणून तिसऱ्या ओळीला बंद करायचे का? आणि एकाच ओळीच्या दोन्ही टोकांना कसे बंद करणार, दोरा तर एकाच टोकाला असतो!

काजबटण

तुमच्या शंकेतच उत्तर आहे. दोरा ज्या टोकाला असतो तिथेच टाके बंद करता येतात, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला. उजवी बाजू सुलट ओळीच्या सुरुवातीला येते, डावी बाजू त्यानंतरच्या उलट ओळीच्या सुरुवातीला. 'तू ले 2 राँ' हे एका बाजूपुरतं सांगितलेलं असतं: त्या बाजूला एक ओळ आड. दोन्ही बाजू मिळून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काहीतरी बंद होतंच.

मांडून बघा. सुलट ओळ, सुरुवातीला 4 बंद. उलट ओळ, सुरुवातीला 4 बंद. मग दोन ओळींत 3 आणि 3. मग 2, 2, पुन्हा 2, 2. मग तीन वेळा 1, 1. फ्वा म्हणजे वेळा. एका बाजूला 4 + 3 + 4 + 3 = 14, दोन्ही मिळून 28. उरले 82. पॅटर्नमध्ये इथे कंसात '82 टाके उरतात' असं दिलं असेल तर ताळा झाला. ओळी लागल्या 14.

तिसऱ्या ओळीला करत गेलात तर बंद करायची जागा एकदा सुलट बाजूला, एकदा उलट बाजूला येईल, म्हणजे एकाच मुंढ्याला सलग करताच येणार नाही. हे लक्षात ठेवलं तर पुन्हा घोटाळा होत नाही.

पुढे गळा-खांदा आला की तोच हिशेब पुढे न्या. समजा मधले 20 टाके बंद, मग गळ्याच्या बाजूने 1 फ्वा 5 आणि 1 फ्वा 2, म्हणजे प्रत्येकी 7. गळ्यात गेले 34. खांद्याला 3 फ्वा 8, म्हणजे 24, दोन खांद्यांचे 48. 34 + 48 = 82. बेरीज जुळत नसेल तर छपाईची चूक आहे किंवा तुम्ही शेजारच्या मापाचा आकडा वाचताय. सुया हातात घेण्याआधी हा हिशेब कागदावर करायचाच.

उलटसुलट

'एकूण उंची' बद्दल: ओतर तोताल म्हणजे टाके घातले त्या कडेपासून, बॉर्डर धरून. काही पॅटर्न 'बॉर्डरनंतर' असं म्हणतात (आप्रे ले कोत). 6 सेंमीची बॉर्डर असेल तर दोन्हींत 6 सेंमीचा फरक. मोजताना काम टेबलावर सपाट ठेवा, सुईवर लटकत ठेवून मोजलं की वजनाने लांबतं.

फ्रेंच पॅटर्न उंची सेंटीमीटरमध्ये देतात, म्हणून नमुन्यातली ओळींची संख्या जुळली नाही तरी अंग बिघडत नाही. बाही मात्र बिघडते. उदाहरण: मनगटाशी 44 टाके, मग 'प्रत्येक बाजूला दर 6 ओळींना 8 वेळा, मग दर 4 ओळींना 5 वेळा 1 टाका वाढवा'. वाढले 26, झाले 70. ओळी लागल्या 48 + 20 = 68, म्हणजे 10 सेंमीत 30 ओळींच्या हिशेबाने साधारण 22.5 सेंमी. तुमच्या 10 सेंमीत 26 च ओळी येत असतील तर तेवढ्यालाच 26 सेंमी होतील आणि बाही मुंढ्यापर्यंत पोचेल तेव्हा वाढी संपलेल्याच नसतील. अशा वेळी दर 4 ओळींच्या वाढी जास्त घ्या, दर 6 च्या कमी.

जाळीदार

कमी करण्याच्या टाक्यांचं माझ्याकडून.

स्युर्झे सँप्ल: एक टाका सुलट विणल्यासारखा न विणता सरकवा, पुढचा सुलट विणा, सरकवलेला त्याच्यावरून ओलांडून टाका. हा डावीकडे झुकतो. दोन एकत्र सुलट हा उजवीकडे झुकतो. म्हणून 'कडेपासून 2 टाक्यांवर कमी करा' असं एवढंच लिहिलेलं असलं तरी ओळीच्या सुरुवातीला 2 सुलट, स्युर्झे सँप्ल, आणि शेवटी 4 टाके उरले की 2 एकत्र, 2 सुलट. दोन्ही रेघा कडेबरोबर आत वळतात. उलटं केलं तर माप चुकत नाही, पण कडेला दाते दिसतात.

स्युर्झे दूब्ल म्हणजे स्युर्झे दोनदा नव्हे. एक सरकवा, पुढचे दोन एकत्र सुलट, सरकवलेला ओलांडून टाका. तीन टाक्यांचा एक होतो. स्युर्झे दोनदा केलं तर चार टाक्यांचे दोन होतात. कमी दोन्हीकडे दोनच होतात, म्हणून एकूण संख्या बरोबर दिसते आणि जाळीचा नमुना मात्र एका टाक्याने सरकत जातो. जाळी तिरकी पळायला लागली की आधी हे तपासा. साध्या जाळीत ओळीतले झते आणि कमी झालेले टाके समान हवेत. स्युर्झे दूब्लच्या दोन्ही अंगांना एकेक झते असतो तो त्यासाठीच.

केबल म्हणजे तोर्साद. जादा सुईवरचे टाके कामाच्या पुढे (दव्हाँ) ठेवले तर वेढा डावीकडे, मागे (देर्येर) ठेवले तर उजवीकडे.

आणि कडेचा टाका, माय लिझ्येर. बऱ्याच फ्रेंच पॅटर्नमध्ये तो नमुन्याच्या बाहेर मोजतात: '4 च्या पटीत + 2 + दोन्हीकडे 1 कडेचा टाका'. 25 नमुने असतील तर 100 + 2 + 2 = 104. तो शिवणीत आत जातो. गाळलात तर शिवल्यावर बॉर्डरची रांग जोडावर तुटते.

मॉन्त्रियालची_थंडी

क्वेबेकच्या पॅटर्नसाठी वेगळी यादी ठेवा. इथे क्वेबेकमध्ये सुईला ब्रोश म्हणतात. स्वेटरला फ्रान्समध्ये प्युल, क्वेबेकमध्ये शाँदाय. लोकरी टोपी फ्रान्समध्ये बोने, इथे त्युक. मितेन हा शब्द तर दोन्हीकडे आहे आणि अर्थ वेगळा: फ्रान्समध्ये बोटं उघडी राहणारे हातमोजे, क्वेबेकमध्ये अंगठा वेगळा आणि चारही बोटं एका पिशवीत. त्या पिशवीवाल्यांना फ्रान्समध्ये मूफ्ल म्हणतात. उणे 20 मध्ये बोटं उघडी ठेवून कोणी विणून घेऊ नका! गळ्याभोवतीचा लोकरी पट्टा फ्रान्समध्ये एशार्प, इथे फुलार. फ्रान्समध्ये फुलार म्हटलं की पातळ कापडी रुमाल. 'बा' फ्रान्समध्ये लांब स्टॉकिंग, इथे साधे मोजे, जे तिथे शोसेत.

चारपदरींच्या तक्त्यात एक भर: कॅनडात पूर्वी ब्रिटिश नंबरच चालत. म्हणजे क्वेबेकच्या जुन्या पुस्तिकेतला '10 नंबर ब्रोश' आणि आपली 10 नंबर सुई एकच, 3.25 मिमी. तिथे मिलिमीटर समजून 10 मिमीची सुई घेऊ नका.

बाळंतविडा

तान्ह्या बाळाच्या कपड्यांचे शब्द देते. या सगळ्या संचाला लेयेत म्हणतात. ब्रास्येर म्हणजे बाळाचं लोकरी झबलं, बहुतेक मागे बांधायचं. शब्द पाहून दचकू नये. शोसों म्हणजे लोकरी बूट, कागूल किंवा पास-मोंतान्य म्हणजे चक्क माकडटोपी. झिले म्हणजे विणकामात पुढून उघडं, बटणांचं स्वेटर. बिनबाह्यांच्या स्वेटरला देबार्दर.

मापं महिन्यांत असली तरी ती उंचीवर बेतलेली असतात: 3 महिने = 60 सेंमी, 6 महिने = 67, 12 महिने = 74, 18 महिने = 81. बाळाचं वय न विचारता उंची विचारा. अनेक मापं एकाच ओळीत 'ए) 70 बी) 76 सी) 82' अशी येतात. आपल्या मापाचे आकडे आधी पेन्सिलीने गोल करून ठेवा, मध्येच एक आकडा शेजारचा वाचला गेला की तो खांद्याशी कळतो.

चारपदरी

लोकरीच्या पट्टीवर बघायचा शब्द: बँ, म्हणजे रंगाचा घाणा. कोलोरी हा रंगाचा क्रमांक आणि बँ हा त्या घाण्याचा. कोलोरी एक असून बँ वेगळा असेल तर पाठ आणि बाहीच्या छटेत फरक दिसतो. एकाच बँचे सगळे गुंडे आणि एक जादा घ्या. वेगळा घाणा घ्यावाच लागला तर तो बॉर्डर आणि कॉलरला वापरा, तिथे विणीच बदलते म्हणून छटा लपते.

'7 पलोत' एवढ्यावर भारतीय लोकर घेऊ नका. पलोत बहुधा 50 ग्रॅमचा, पण लांबी महत्त्वाची. 50 ग्रॅमला 125 मीटर असेल तर 7 पलोत म्हणजे 875 मीटर. तुमचा गुंडा 50 ग्रॅमला 100 मीटर असेल तर 9 गुंडे लागतील. आणि तीन पदरी, चार पदरी यावर भरवसा नको, पदरांची संख्या जाडी सांगत नाही.

खांबसाखळी

क्रोशेवाल्यांसाठी दोन ओळी. साखळी म्हणजे माय आँ लेर, मुका खांब माय सेरे, खांब ब्रीद, अर्धा खांब दमी-ब्रीद. फ्रेंचमध्ये यांची एकच पद्धत आहे, ब्रिटिश-अमेरिकन नावांचा घोळ नाही. स्वेटरच्या कडेला 'माय सेरेची एक फेरी' सांगितली असेल तर सुई विणसुईपेक्षा अर्ध्या नंबराने बारीक घ्या, नाहीतर कड लहरते.

उलटसुलट

@मॉन्त्रियालची_थंडी, शब्दांबद्दल थोडं अवांतर: दुकानाच्या पाटीवर किंवा लेबलवर बोनेत्री दिसलं तर टोप्यांचं दुकान समजू नका. शब्द बोनेवरून आला, पण अर्थ आपल्या 'होजिअरी'सारखा: मोजे, बनियन, सगळं विणीचं. पॅरिसच्या आग्नेयेला असलेलं त्र्वा हे शहर या धंद्याचं माहेरघर, लाकोस्त आणि पती बातो या दोन्ही ब्रँडांचं मूळ तिथेच. आणि नौदलाचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मारिन्येर 1858 च्या आदेशात मोजून दिलेला आहे: अंगावर 21 पांढरे पट्टे, निळ्यांच्या दुप्पट रुंद. विणायला घेतलात तर पट्टा ओळींत मोजा, पांढऱ्या 6 तर निळ्या 3 नको, 8 आणि 4 करा. विषम ओळींनी दोरा चुकीच्या टोकाला राहतो आणि दर पट्ट्याला तोडावा लागतो.

नवी_विणकर

मुंढा जमला, हिशेब बरोबर 82 आला. आता झिलेचा पुढचा भाग. उजवा भाग पूर्ण दिलाय आणि डाव्यासाठी फक्त "आँ व्हिझा-व्ही विणा". एवढंच.

काजबटण

म्हणजे आरशातल्यासारखा उलटा. उजवा-डावा हे घालणाऱ्याचे. उजव्या भागात सुलट ओळ बटणपट्टीकडून सुरू होते, म्हणून मुंढा उलट ओळींच्या सुरुवातीला आणि गळा सुलट ओळींच्या सुरुवातीला बंद होतो. डाव्या भागात मुंढा सुलट ओळींच्या सुरुवातीला, गळा उलट ओळींच्या सुरुवातीला. स्युर्झे सँप्लच्या जागी दोन एकत्र, दोन एकत्रच्या जागी स्युर्झे. केबल दव्हाँ असेल तर देर्येर. काजं (बूतोन्येर) बायकांच्या झिलेत उजव्या भागात, पुरुषांच्या डाव्या. एकाच भागात करायची, ती आरशात येत नाहीत. काजाला 2 टाके बंद करा आणि पुढच्या ओळीत त्याच जागी 2 घाला.

विणण्याआधी त्या परिच्छेदात 'आँ मेम ताँ' शोधा. त्याचा अर्थ 'त्याच वेळी', आणि तो बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो: मुंढा पूर्ण कसा करायचा ते सांगून झाल्यावर कळतं की गळ्याचा उतारही 34 सेंमीलाच सुरू करायचा होता. व्ही गळ्यात हे हमखास असतं. एका कागदावर ओळींचे आकडे उभे लिहा, एका रकान्यात मुंढा, दुसऱ्यात गळा, आणि ओळ झाली की खूण करत जा.